सँपल फ्लॅट

खाणीच्या मैदानावर माझी पायरी सातवी.
पायरी म्हणजे दगडच, कधीकाळी काढायचा राहून गेलेला.
त्यावर बापानं छिन्नीनं फुली मारलेली, 'ही आपली' म्हणून.
उन्हाळ्यात बूड भाजायचं,
म्हणून पोत्याचा एक तुकडा
फटीत मुडपून ठेवलेला असायचा.
कुणी चोरला नाही कधी. पोतं कोण चोरतंय?

नकाशा आला तो तालमीतच आला.
लाल मातीवर पसरला,
कोपरे उडू नयेत म्हणून चार करेली ठेवल्या चार बाजूंना.
बिल्डरचा माणूस बोलायला गूळ.
"मैदानाला हात लावत नाही आम्ही,
फक्त मावळतीची गॅलरी तेवढी."
तेवढी.
वर बारा मजले, खाली गाळे,
दोन गाळ्यांचं भाडं तालमीला, कायमचं.
पोरांना बूट, जर्सी, परगावच्या मॅचला गाडी.

इलाहीभाई मुजावर, ज्यांच्या नडगीत अजून लोखंडी पट्टी आहे,
त्यांनी एकच विचारलं,
"चारच्या मॅचला सावली कुठवर येणार?"
"सावलीत खेळायला बरंच की, मामा."
सगळे हसले.
मीही हसलो, हे लिहून ठेवतो.

दगड ट्रॉलीतनं गेले.
कुणी म्हणतं राधानगरी रोडला एका फार्महाऊसच्या कंपाऊंडला लागलेत.
दोनदा मोटरसायकल काढली फुली शोधायला,
दोनदा पेट्रोल पंपावरनं परत आलो.

आणि मग मलाच काम मिळालं.
लाईट फिटिंग, चौथा मजला, सँपल फ्लॅट.
दर चांगला होता. पोरीची फी होती. एवढंच.

हॉलमध्ये भिंतीला मैदानाच्या फोटोची फ्रेम,
फोटोत माणूस एकही नाही.
ओट्यावर माहितीपत्रकाचा गठ्ठा, 'मॅच बघा घरबसल्या',
आणि मागच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात,
'रहिवाशांना त्रास होईल अशी वाद्ये
परिसरात वाजवली जाणार नाहीत.'
म्हणजे हलगी. म्हणजे घुमकं. म्हणजे कैताळ.
म्हणजे आमचा हिंदुराव,
जो हरलेल्या मॅचलाही घरापर्यंत वाजवत जातो.

रविवारी बाल्कनीचा एक पॉईंट राहिला होता.
खाली मॅच. आमची आणि पलीकडच्यांची.
खोटं कशाला बोलू,
इथनं लई भारी दिसतं.
दोन्ही गोल, फक्कीच्या रेघा, गोलकीपरनं पायानं पाडलेला खळगा,
ऑफसाईड तर अशी, की तीस वर्षांची भांडणं
एका नजरेत मिटावीत.
सातव्या पायरीवरनं मला आयुष्यात
उगवतीचा कॉर्नर धड दिसला नव्हता.

सगळी पेठ आता समोरच्या गॅलरीत.
उन्हाकडं तोंड, कपाळावर आडवे हात,
जणू मलाच सलाम करतायत.
साडेचारला बिल्डिंगनं सूर्य गिळला,
हात एकेक करून खाली आले.
सावली सेंटर ओलांडून निघाली
तशी आमचा लेफ्ट विंगर तिच्यात गेला
आणि बाहेर आला तो बॉल घेऊनच.

मग गॅलरी उभी राहिली. सगळी एकदम.
गोल.
आवाज नाही.

दुहेरी काच आहे. परवाच सुपरवायझर गिऱ्हाईकाला सांगत होता,
"टाचणी पडली तरी आत कळणार नाही, साहेब."
हिंदुरावाची काठी हलगीवर पडताना दिसत होती,
परत उठताना दिसत होती.
कुणीतरी माझ्याकडं बोट केलं,
दोघातिघांनी तोंडापाशी हात धरून हाक मारली.
शिवी असेल. नाव असेल.
आमच्याकडं दोन्ही एकाच सुरात देतात.

स्लायडिंग उघडायला गेलो.
हँडल अजून बसलेलं नव्हतं,
नुसतं भोक, त्यात थर्माकोल कोंबलेला.
टेस्टर खिशात टाकला, काचेला तळवा लावला.
हाताला बारीक काहीतरी लागत होतं,
थांबून थांबून.