वीस विसा आणि वर सतरा

आज गावात सायकलींना बंदी.
घंटीचा घोटाळा नको म्हणून.
आमच्या गांबियात मत म्हणजे काचेची गोटी.
नळीतून पिंपात घरंगळते,
आत टण्ण,
एकदाच.
दोनदा वाजलं तर कुणीतरी दोन टाकल्या.
तळाला वाळू असते,
पडलेली गोटी मग गप्प बसते.

मी अन्सुमाना सान्यांग, शाळामास्तर,
आजच्यापुरता केंद्रप्रमुख.
शिक्षकांच्या खोलीत अटायाच्या तिसऱ्या पेल्यापर्यंत
माझं एकच पालुपद:
आधी पाटी, मग पेटी.
ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही
त्याच्या हातात देश कशाला?
सगळे माना डोलवायचे.
पगार सरकारी, माना सरकारी.

न्यीमा कुजाबी पहाटेच आली.
खारफुटीत गुडघाभर चिखलात उभी राहून
कालवं काढणारी.
बोटांवर शिंपल्यांनी ओढलेल्या रेघा,
त्यांच्यात शाई उतरली तेव्हा
ठसा नव्हे, गिचमिड लिहिल्यासारखं दिसलं.
मत देऊन घरी गेली नाही.
भिंतीबाहेर, शिंपल्यांच्या ढिगापाशी बसली.
टण्ण झालं की एक शिंपला इकडचा तिकडे.
ऊन डोक्यावर आलं, नातीने भात आणला.
उजव्या हाताने जेवली,
डाव्याने शिंपले.
मला वाटलं, म्हातारीचा विरंगुळा.

दिवेलागणीला गोट्या फळीच्या खळग्यांत मांडल्या.
मी मोठ्याने वाचलं: चारशे चौदा.
बाहेरून आवाज आला,
"तीन राहिले."
"आजी, हे गणित आहे."
"असेल. माझे वीस विसा आणि वर सतरा.
पुन्हा मोज."

आता खरं सांगतो.
वहीतल्या खुणाही चारशे सतराच होत्या.
समासात मी लिहायला घेतलं होतं,
सुवाच्य अक्षरात,
'तीन नावांवर चुकून खूण.'
त्या अक्षरशत्रू बाईला हे वाचता आलं नसतं.
ज्यांना आलं असतं
त्यांनी वाचलं नसतं.

पिंपं उलटी केली.
हिरव्यातल्या ओलसर वाळूत
तीन गोट्या रुतलेल्या,
तिन्ही गप्प.

निकाल बदलला नाही. हेही सांगायला हवं.
आणि हेही, की आठवड्यापूर्वी तांदळाची पोती वाटली गेली.
पोत्याची गोटी आणि विचाराची गोटी
टण्ण सारखंच करतात,
तिथे कुणाचाही कान चालत नाही.
माझा मुद्दा अजून मेलेला नाही.
फक्त आठवतं,
पोत्यांची यादी ज्याने केली
तो राजधानीतला, दोन पदव्यांचा,
यादीत एकही चूक नव्हती.

न्यीमाने ओटा झटकला,
भिंतीवरच्या कागदासमोर उभी राहिली.
"वाच. सगळं. शून्यसुद्धा."
मी वाचलं.
"आता खालून वर वाच."
तसंही वाचलं, घसा कोरडा पडेपर्यंत.
चोवीस वर्षं शिकवतोय,
माझी बेरीज आजवर
कुणी तपासली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सायकली सुटल्या.
शाळेच्या वळणावर कुणा पोराने घंटी वाजवली,
आणि माझा हात
आपसूक खाली गेला,
धुळीत शिंपला शोधत.