रुई, पुरुष, वय एकोणचाळीस

विवाह नोंदणीच्या बाईंनी मान वर न करता विचारलं,
नवऱ्या मुलाचं नाव?
रुई.
कुठली रुई? कापसाची का मारुतीची?
आणि मागे उभ्या भिकन महाजनांना,
बत्तीस वर्षं जिनिंगच्या काट्यावर गाड्या तोलणाऱ्या माझ्या बापाला,
लग्न ठरल्यापासून पहिल्यांदा हसू आलं.

नोटीस महिनाभर फळ्यावर होती.
कोणाची हरकत असल्यास कळवावे.
कोणाचीच नव्हती. म्हणजे लेखी नव्हती.
काचेआड, आमच्या दोन नावांच्या मधोमध
कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं.
तिला कोणी रहिवासी दाखला मागितला नाही.

रुई धरणगावात राहिला तेव्हा त्याचीही नोंद झाली:
परदेशी इसम, अमुक घरी, अमुक दिवस.
हवालदार शिरसाठ खात्री करायला आले,
गच्चीवर वाळणाऱ्या कुरडयांमधून पाय वाचवत.
हाच का? हाच.
खरंच राहतो ना इथे?
मे महिना, पंचेचाळीस डिग्री, कूलरला पाणी नाही.
आई म्हणाली,
इतला ऊनमा ऱ्हायना भाऊ, मंग खराच ऱ्हायना ना.

आता माझी पाळी.

जन्माच्या नोंदीत मी नाहीच. तिथे आहे: स्त्री, जिवंत.
नाव नंतर ठेवलं, कळवायला कोणी गेलं नाही.
शाळेच्या दाखल्यावर बाप भिका, आधारवर भिकन.
पाचशेच्या स्टॅम्पवर त्यानं लिहून दिलं
की हे दोघंही मीच आहे.
सही करताना पेन थांबलं.
कोणती करू?

त्याच्या देशाला पाहिजे छप्पर, भाडेकरार, पगाराच्या स्लिपा,
माझ्यावर गुन्हा नाही असं पोलिसांचं पत्र,
आणि आमचं एकमेकांवर आहे याचा पुरावा.
प्रेम हा शब्द यादीत नाही.
संबंध, असा आहे. अस्सल. चालू असलेला.
सोबत फोटो, तारखेसह.

मोबाइलमध्ये सापडतात:
कानबाईच्या मिरवणुकीत त्याच्या डोक्यावर कोणाची तरी टोपी.
तुराट्यांच्या धुरात तो, वांगी भाजताना, डोळे मिटलेले.
कळण्याच्या भाकरीवर नुसता एक गोरा हात,
हा त्याचाच हे मी कसं शाबीत करू?
आणि ती रात्र, जिचा फोटो नाही,
कागदांवरून आम्ही भांडलो,
तो त्याच्या भाषेत, मी माझ्या,
इंग्रजी मध्ये बसून दोघांची तोंडं बघत होती.
तू माझ्या देशाशी लग्न केलंस,
असं तो म्हणाला नाही.
मी ऐकलं.

बापाला जिनिंगशिवाय दुसरा दाखला सुचत नाही.
यंत्रात टाकलं की रुई एकीकडे, सरकी एकीकडे.
रुईच्या गाठी बांधायच्या, बंदरावर धाडायच्या,
सरकी इथेच, तेलाला, ढेपेला, म्हशींना.
बत्तीस वर्षांत, म्हणतो,
सरकी रुईमागे गेलेली पाहिली नव्हती.
आणि चष्मा पुसायला आत जातो.

कार्ड मिळाल्यावर फार दिवस देशाबाहेर राहायचं नाही,
नाहीतर ते रद्द. हे मी आईला सांगितलं
तेव्हा ती भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर उभी होती.
म्हणजे आता तू अठे पाहुनी?
कितला दिन देतस त्या?
मी आकडा सांगितला.
तिनं बोटांच्या पेरांवर मोजला, मग पुन्हा, दुसऱ्या हातावर.
आखाजीले येशी ना?
येईन. जाणं-येणं धरून सतरा दिवस.
झोक्याची कडी माळ्यावरून काढून ती तेल लावत बसली,
आखाजी आठ महिने लांब.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
विमानमा जो दिन जास, तो कोना?

नियम मी दोनदा वाचले.
त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.