दहा चाळीसची मालगाडी गेल्यावर

आमचं घर फाटकाचं. भिंती रेल्वेच्या, कोळसा रेल्वेचा,
आणि मागे, रुळांकडे पाठ करून,
मोडक्या वॅगनच्या फळ्यांतून बाबांनी ठोकलेली
सशांची तीन मजली खुराडी.

सशांना नावं ठेवायची नाहीत, आई म्हणायची,
ना लाडाची, ना दुसरी.
बाबांनी ठेवली. गाड्यांची.
राखाडी मादी ती ब्रनो पॅसेंजर,
कान लोंबणारी, आळशी, ती रविवारची जलद.
"गाडीसाठी कोणी रडतं का, ल्युबा?
येते, थांबते, जाते."

शाळेतून आले की पोतं घेऊन बांधावर जायचं,
दुधाळ पानं आणायची, पण सुकवून.
ओल्या चाऱ्यानं पोट फुगतं, सकाळी एखादा ताठ.
एकदा माझ्या हातून झालं.
बाबा बोलले नाहीत काही,
खड्डा मात्र मला खणायला लावला.

मादी पोटाचे केस उपटायची स्वतःचे,
तोंड भरभरून,
आणि गवतात गादी घालायची.
आधी तिच्याच गवतानं हात चोळून घ्यायचे,
मग आत घालून मोजायचं:
उघडी, आंधळी, उकडलेल्या बटाट्यासारखी गरम.
सात. कधी नऊ.

शनिवारी दहा चाळीसची मालगाडी गेली
की पुढच्या गाडीला सदतीस मिनिटं.
बाबा झेंडी गुंडाळत, टोपी खिळ्याला अडकवत,
आणि ससा मांडीवर घेऊन बसत जरा वेळ.
कपाळ चोळत, कानांमागे चोळत,
त्याचे डोळे अर्धे मिटेपर्यंत.
मग दांडका. एकच.
एकदा दुसरा मारावा लागला,
त्या दिवशी ते जेवले नाहीत.

अक्रोडाच्या फांदीला मागच्या पायांनी टांगायचा.
घोट्यांभोवती काप, मांड्यांच्या आतून एक रेघ,
आणि खाली ओढायचं,
भिजलेल्या पोराचा स्वेटर काढावा तसं.
बाह्या उलट्या होऊन सुटतात.
डोक्यापाशी अडतं थोडं.
बर्फातून आले की बाबा माझाही असाच काढत,
"हात वर!"
आणि लोकरीच्या अंधारात क्षणभर
माझे कान अडकत.

पित्ताची पिशवी हिरवी, वाटाण्याएवढी.
फुटली तर काळीज कडू.
ते काम सुरीचं नाही, नखाचं.

कातडी उलटी करून, फळीवर ताणून, माळ्यावर.
डिसेंबरात हुदेचेक यायचा सायकलवरून,
केसांवर फुंकर मारायचा, भोवरा उघडायचा,
तळाशी बघून म्हणायचा, "उन्हाळी माल,"
आणि दोन क्राउन कापायचा.
चांगल्या कातड्या आई त्याला दाखवायचीच नाही.
त्या मीठ-तुरटीत मुरायच्या,
माझ्या बुटांत यायच्या, बाबांच्या हातमोज्यांत.
पहाटे पाचला ब्रनो पॅसेंजर जायची तेव्हा
ब्रनो पॅसेंजरच हातात घालून
बाबा तिला झेंडी दाखवत.

मग त्या मार्चमध्ये त्यांचा उजवा हात गेला.
अंगणात स्टुलावर बसवलं त्यांना,
ससा माझ्या मांडीवर.
"कपाळ चोळ," ते म्हणाले, अर्ध्या तोंडानं.
"अजून. अजून. घाई तुला आहे, त्याला नाही."
एकच लागला.
बाकी सगळं वेडंवाकडं झालं, मांडीपाशी कातडी फाटली,
पण पित्त सुटलं शाबूत.
बाबांनी घड्याळ पाहिलं:
"एकवीस मिनिटं. मला अकरा लागत."

रात्री त्यांचा स्वेटर काढताना
सवयीनं म्हणाले मी, "हात वर."
एक वर गेला.
डोक्यापाशी अडलं थोडं.
आत, लोकरीत, ते हसत होते की काय,
कळलं नाही.

बाहेर रविवारची जलद
मागचे पाय आपटत होती फळीवर.
कोल्हा असावा.
बॅटरी घेऊन मी खाली गेले.