पाव टाकी

पहाटे तीनला हीटर बंद पडला.
आधी पंख्याचा आवाज उतरत गेला,
मग पंपाची ती टिक, टिक थांबली
जिच्या भरवशावर आम्ही दोघं
अकरा हिवाळे या गाडीत झोपलो.
बाहेर उणे सव्वीस. कारासयोक मागे पडलेलं,
नदीकाठच्या मोकळ्या जागेत आमची एकटीच गाडी.

ओदलाउग उठली. काल दुपारपासून
माझ्याशी बोलत नव्हती,
तरी टॉर्च माझ्याच हातात दिला.

तीस वर्षं बोत्सफ्योरच्या मासळी कारखान्यात
शीतगृहाची यंत्रं तिच्या ताब्यात होती.
आयुष्यभर पगार घेऊन थंडी बनवली तिनं.
ऊब बनवणं म्हणजे तेच उलटं, असं ती म्हणते.

लाल दिवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला.
माझी आई विणताना टाके मोजायची
तशी ओठ हलवत तिनं मोजलं.
"पेटत नाहीये," ती म्हणाली. मला नव्हे, हीटरला.

बॅटरी पाहिली. बारा पूर्णांक चार.
ग्लो प्लग काढला, तारा जोडल्या,
तिच्या चिमट्यात तो लाल झाला.
त्यातला दोष नाही.
मी बर्फात आडवा होऊन
धुराड्याच्या तोंडाशी बोट घातलं.
मोकळं. थोडी काजळी, नखात अजून आहे.
डिझेल गोठलं असेल, मी म्हणालो.
"हिवाळी आहे," ती म्हणाली,
आणि मी टॉर्च हलवू नये असंही.

मग तिनं पारदर्शक नळी उजेडात धरली.
आत बुडबुडे होते,
एकामागे एक, रांगेत, रिकामे.

"टाकीत किती आहे, हाल्फदान?"

आहे की. पाव.

कालचं भांडण पंपावरचंच.
पुढे स्वस्त मिळेल, म्हणालो होतो मी.

ती गुडघ्यांवर बसली आणि हसली,
तोंडातून वाफेचा गोळा निघाला.
हीटरची नळी तळापर्यंत जात नाही, तिनं सांगितलं.
मुद्दाम आखूड ठेवतात.
झोपेत सगळं जाळून टाकलं
तर सकाळी इंजिनाला काय उरणार?
तेवढं डिझेल उबेसाठी नाही.
ते निघून जाण्यासाठी.

म्हणजे टाकीसुद्धा
हातचं राखून वागते.

लाक्सेल्वचा पंप चाळीस किलोमीटर.
इंजिन तिसऱ्या खेपेला खाकरत सुरू झालं.
मागचं घर अंधारात, भांड्यातल्या पाण्यावर साय आलेली,
आणि पुढे दोन सीटा, दोन पांघरुणं,
काचेवर आमच्याच श्वासाचं दव.
रस्त्यावर रेनडिअर उभे होते, हलायला तयार नव्हते.
मी दिवे मंद करून थांबलो.

नाव विकली तिचे पैसे
मी तिला सांगितले त्याहून कमी आले होते.
ऑगस्टपासून तो आकडा
माझ्या तळाशी पडून होता,
कुठलीच नळी पोचू नये इतका खाली.

रेनडिअर गेले. मी आकडा सांगितला. खरा.

तिनं ओठ हलवत वजाबाकी केली असावी.
मग हात पुढे करून
पायाशी येणारी गरम हवा
माझ्या बाजूला थोडी जास्त वळवली.

"पंपावर टाकी फुल्ल कर," म्हणाली,
"स्वस्त असो नसो."