सोबत आहार व व्यायाम आवश्यक

पांढरकवड्याच्या मेडिकलात मी गावाचं नाव सांगत नाही.
काउंटरवरचा पोरगा डबी पेपरात गुंडाळतो,
त्या पाच दिवसांचं गुंडाळतात तशी,
आणि चिठ्ठी मागत नाही.
चिठ्ठी लागतच नाही म्हणे याला.
साठ गोळ्या, नऊशे चाळीस रुपये,
म्हणजे या महिन्याची भिशी.

डबीवर एक बाई आहे,
स्वतःचीच जुनी पॅन्ट पोटापासून वीतभर ओढून हसणारी.
तिच्या पायाशी मुंगीएवढ्या अक्षरात:
सोबत आहार व व्यायाम आवश्यक.
एसटीत चष्मा लावून तेवढंच चारदा वाचलं.

तर सोबत हेही चालू आहे.
पहाटे पाचला कॅनॉलचा रस्ता,
कुत्र्यांसाठी हातात तुराटी.
ढोबळे मास्तर समोरून येतात,
"काहून ताई, शुगर निघाली का?"
आमच्याकडे आजार नसताना कोणी चालत नाही.
मी हो म्हणते. शुगर सांगायला सोपी.

रात्री अर्धी भाकर, अंबाडीची भाजी,
फोडणीत तेल नुसतं दाखवलेलं.
पण नणंदेच्या पोरीचं गडगनेर निघालं,
पाच घरं, पाचही घरी पुरणपोळी,
वर तुपाची वाटी पालथी,
नको म्हटलं की "राग आला का व?"
गोळी पोटात गेलेलं तेल धरत नाही,
जसंच्या तसं परत पाठवते.
त्या आठवड्याचा हिशेब
संडासाच्या वाटेवरच्या सदाफुलीला विचारा,
तिच्यापर्यंत मी कितीदा धावत पोचले.

वजन करायला रेशन दुकानातला गव्हाचा काटा.
दुपारी, गिऱ्हाईक नसताना.
मधुकर म्हणाला,
"वैनी, पोतं खाली ठेवा न अगोदर."
पोतं नव्हतंच.
एक्याऐंशी चारशे.
अडीच महिन्यांनी अठ्ठ्याहत्तर नऊशे.
आता या अडीच किलोत गोळीचे किती,
कॅनॉलचे किती,
ताटात न आलेल्या अर्ध्या भाकरीचे किती?
मधुकरच्या काट्याला ते वेगळं काढता येत नाही.
मलाही येत नाही,
म्हणून दुसरी डबी आणली.

आणि रोज सकाळी दहाला
मी लेकरं तोलते.
अंगणवाडी क्रमांक दोन, छताच्या कडीला काटा,
काट्याला झोळी,
झोळीत भीमबाई टेकामची नात, देवांशी.
सात किलो दोनशे.
मागच्या महिन्यातही सात दोनशे.
ठिपका पिवळ्यातून तांबड्याकडे निघालेला.
तिची रेघ वर जायला पाहिजे, माझी खाली,
दोन्ही मी एकाच पेनाने लिहिते,
तिची रजिस्टरात,
माझी कॅलेंडरच्या मागं.

तिची माय दारातच बसली होती,
बोटांना बोंडांचे ओरखडे.
"ताई, वजन वाढवाची गोळी नसते का व?
मेडिकलात भेटत असन तर आणा.
पैसे देतो मी, वेचणीचे आले हायेत."

पर्स माझ्या मांडीवर.
आत सहा गोळ्या उरलेलं पाकीट,
हललं की वाजतं.
मी हलले नाही.

म्हटलं, अशी गोळी नसते.
दिवसातून पाचदा भरवायचं, थोडं थोडं.
वरणाचं वरचं पाणी नाही, खालचं घट्ट.
भाकर दुधात कुस्करून.
आणि वरून एक चमचा तेल.
ती नुसती बघत राहिली म्हणून
पुन्हा म्हटलं, एक चमचा तेल.

"तेल त तुमी सोडलं म्हणते सारं गाव."

कुसुमने खिचडीची वाटी आणून ठेवली.
देवांशीने पहिला घास थुंकला.
दुसरा गालात धरून ठेवला.
आम्ही तिघी बाया
तिच्या एवढ्याशा गळ्याकडे बघत बसलो,
गिळते का.