निवळायला लागणारा वेळ

कंपनीने कागदावरच लिहून दिलं होतं :
मार्गदर्शक – कुमुद फणसे, टेस्टिंग.
शिकणारा – उन्मेष पागेदार, वाइंडिंग.
मुदत एक वर्ष, महिन्यातले दोन बुधवार.
खाली दोघांच्या सह्या आणि गोल शिक्का.

पहिल्या बुधवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला
आणि नेली तीन पानांची यादी,
मला काय काय येतं त्याची.
मॅडमनी ती उलटी करून
कोऱ्या बाजूवर चहाचा कप ठेवला.
"हे येतं, बरं. आता बोल ने, काय येत नाही?"

मकरपुऱ्याच्या त्या शेडचा पत्रा
दुपारी दोनला उन्हाने तडतडायचा.
तेवढाच आवाज होता.
"येत नाही" म्हणायला मला कुणी शिकवलंच नव्हतं,
वर्गात नाही, आणि नोकरीच्या मुलाखतीत तर नाहीच.

पुढचे काही बुधवार मी प्रश्न घेऊन गेलो.
पण ते असे, ज्यांची उत्तरं मला पाठ होती.
त्यांना कळायचं.
त्या पदराने चष्मा पुसत बसायच्या
आणि वेळ संपली की उठायच्या.

नोव्हेंबरात एक ट्रान्सफॉर्मर टेस्टला फेल गेला.
पडद्यावर लाट मधेच मोडली,
टाकीच्या पोटात टप्प झालं,
वाळकी शेंग फुटावी इतपतच.
एक स्पेसर मी नजरेने बसवला होता,
पट्टीने नाही.

त्या बुधवारी मी कळवलं, ताप आहे.
ताप नव्हता.
सुरसागरच्या कठड्यावर बसून
मी चार रुपये उरेपर्यंत शेंगदाणे खाल्ले.

पुढच्या खेपेला सगळं सांगून टाकलं, एका दमात.
वाटलं, आता पाठीवर हात येईल.
त्या म्हणाल्या,
"मला सांगून काय होणार?
नोट रमणभाईंच्या नावाने निघाली आहे."

रमणभाई मशीनवर होते, मिशांवर कागदाची धूळ.
माझं ऐकत त्यांनी थर पुरा केला,
टोक बांधलं, कात्री खिशात घातली.
मग म्हणाले, "पट्टी माझ्याकडे मागायची ने."
एवढंच.
नोट मागे घ्यायला मला तीन टेबलं फिरावं लागलं.

तेल भरलं की ट्रान्सफॉर्मर नुसता उभा ठेवतात.
बुडबुडे वर येतात, तेल कागदात मुरतं,
तोवर त्याला कुणी हात लावत नाही.
"घाईने व्होल्टेज चढवलंस तर फुटतं,"
मॅडम म्हणाल्या होत्या.
त्या मशीनबद्दलच बोलत होत्या.

तेव्हापासून मी लगेच "हो मॅडम" म्हणेनासा झालो.
वहीत लिहायचो, घरी न्यायचो,
दांडिया बाजारातल्या आमच्या जिन्यात उभा राहून
पुन्हा वाचायचो.
मग एक तर करायचो,
नाही तर का केलं नाही ते येऊन सांगायचो.

मार्चमध्ये त्या म्हणाल्या, सावलीच्या प्लांटला जा, मोठं काम आहे.
मी गेलो नाही.
बाबांना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं.
हे मी समोर बसून सांगितलं, ताप न आणता.
त्या चिडल्या. चांगल्याच चिडल्या.
सेव-उसळीत पाव बुडवला आणि विसरल्या.
पावाचा लगदा झाल्यावर म्हणाल्या,
"बरं. मग इथे राहून काय करशील, ते सांग."

वर्ष सरलं. फॉर्म आला :
काय लाभ झाला, पाच ओळींत लिहा.
शेवटच्या बुधवारी तो तसाच घडी करून नेला
आणि विचारलं,
"मॅडम, तुम्हाला काय येत नाही?"

त्या हसल्या नाहीत.
पुढच्या महिन्यात त्यांची निवृत्ती होती.
"सकाळी साडेसातला," त्या म्हणाल्या,
"लोक घरी काय करतात रे?"

एखादं उत्तर होतंही माझ्याजवळ, ओठांवर.
मी ते तिथेच राहू दिलं.
वर पत्रा तडतडत होता.
आम्ही दोघं बसून होतो,
एकेक बुडबुडा वर येत होता.