लगदा

मिक्सरला आज खोबऱ्यापासून सुट्टी.
रात्रभर भिजलंय कॅलेंडर,
मार्च ते ऑगस्ट,
बाबा जहाजावर होता तेवढं.
रोज झोपताना लाल पेनाने मारलेल्या फुल्या
शर्वाणीने स्वतःच फाडल्या, टराटरा.

शेजारचा सावियो चाळण धरतो
जुन्या मच्छरदाणीची.
"हलवू नको गो!"
बाल्कांवभर ठिबकतं पाणी.
लगदा फिकट गुलाबी, अगदी सोलकढी.

वाळायला तीन दिवस. दिवाडीची हवाच ओली,
फेरीबोटीच्या भोंग्यालाही बुरशी येईल.

कागद जाड, वाकडा.
कोपऱ्यात एक आकडा तेवढा विरघळला नाही: १७.
कुठल्या महिन्यातला?
कुणालाच सांगता येईना.

"यावर बाबाला पत्र."
अगं, तो तर आत घोरतोय.

"पुढच्या खेपेसाठी ठेव," ती म्हणाली,
आणि हात पुसले माझ्याच पदराला.